हजेरीपटावरचे नाव

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पिंगळी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाचा दिवस हा एका अर्थी हिशेबाचा दिवस होय. इतक्या वर्षांत काय बांधले, कोणी किती देणगी दिली, कोणाच्या श्रमाने कोणते काम तडीस गेले, हे सर्व आजच्या दिवशी आठवावयाचे असते. आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम रीतीने केले आहे. आम्हांस मात्र चालकांनी निराळा विषय दिला. ज्या मुलांचे बालपण हालांत व हेळसांडीत गेले, ती मुले शिक्षणाच्या व धीराच्या बळावर वर कशी येतात, ह्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा आहे. विषय मोठा आणि आमची शक्ती बेताची. परंतु आमचा सारा जन्म फळ्यापुढे उभे राहण्यात गेला असल्यामुळे ह्या विषयावर बोलणे आम्हांस टाळताही येत नाही.

उदाहरणासाठी फार दूर जावे लागत नाही. आपली पिंगळी परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. ह्याच परभणीत १९९५ साली ६८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. ज्या आसनावर मोठमोठे पंडित बसून गेले, त्या अध्यक्षपदाच्या आसनावर त्या वर्षी नारायण सुर्वे बसले होते. त्यांचे आईबाप कोण, हे जगात कोणासही ठाऊक नव्हते. त्यांस स्वतःसही नव्हते.

सुर्वे ह्यांची जन्मतारीख १५ ऑक्टोबर १९२६ अशी सांगतात. ही तारीख लिहावी म्हणून लिहिलेली. ते तान्हे असताना मुंबईच्या रस्त्यावर कोणीतरी त्यांस टाकून दिले होते. गंगाराम सुर्वे नावाच्या एका गिरणी कामगारास ते मूल दिसले. गंगाराम काही सुखवस्तू गृहस्थ नव्हते. ते गिरणीत राबत, त्यांची पत्नी काशीबाईही गिरणीत राबे, आणि दोघांच्या मजुरीवर चाळीतला संसार चाले. अशा घरात आणखी एक तोंड वाढविणे म्हणजे काय, हे ज्यांनी हातावरचे पोट पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. तरीही ह्या जोडप्याने ते मूल उचलले, त्यास नारायण हे नाव दिले, आपले आडनाव दिले, आणि पुढे म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्याचे नाव घातले.

बंधुभगिनींनो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. मूल उचलणे ही दया झाली. त्यास भाकरी देणे हाही दयेचाच भाग झाला. परंतु त्याचे नाव शाळेत घालणे ही दयेच्या पलीकडची गोष्ट होय. ज्याचा जन्मदाखला नाही, ज्याची जात व कूळ सांगणारा कोणी नाही, त्याचे नाव हजेरीपटावर चढले म्हणजे रोज सकाळी एक मनुष्य त्याच्या नावाने हाक मारतो, आणि ‘हजर’ म्हणण्याचा हक्क त्यास मिळतो. जगाने ज्यास मोजलेच नव्हते, त्याची मोजणी तेथून सुरू होते.

परंतु कथा येथे गोड होत नाही. नारायणाची चौथी झाली आणि त्याच सुमारास गंगाराम गिरणीच्या कामातून निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी निघून गेले. मुलगा मुंबईत मागे राहिला. ज्या हातांनी उचलले होते तेच हात सुटले, आणि दहाबारा वर्षांचे ते पोर दुसऱ्यांदा उघड्यावर आले. गंगाराम व काशीबाई ह्यांस आम्ही दोष देत नाही. गरिबीने माणसांस काय काय करावयास लावले आहे, हे आपण आपल्याच जिल्ह्यात पाहत आलो आहोत. तथापि त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर ही दुसरी जखम पहिलीहून खोल असली पाहिजे. पहिल्या वेळी त्यास काही कळत नव्हते. ह्या वेळी सारे कळत होते.

त्यानंतर कित्येक वर्षे ह्या मुलाने मुंबईत जे मिळेल ते काम केले. कोणाच्या घरी घरगडी म्हणून राहिला, हॉटेलात कपबश्या विसळल्या, हमाली केली, गिरणीत काम केले. कामगारांच्या चळवळीत तो ओढला गेला, मोर्चांत चालला, घोषणा दिल्या. त्या चळवळीतील सर्वच मते आपणांपैकी पुष्कळांस पटणार नाहीत. परंतु एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, की ज्यास घर नव्हते त्यास तेथे सोबती मिळाले, आणि ज्याची शाळा सुटली होती त्यास वाचण्याची व बोलण्याची सवय लागली. पुढे ते म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई झाले. वर्ग झाडावयाचे, घंटा द्यावयाची, गुरुजींस पाणी आणून द्यावयाचे, हे शाळेच्या शिपायाचे काम. ज्या वर्गांतून लहानपणी बाहेर पडावे लागले होते, तशाच वर्गांच्या दाराशी हा मनुष्य आता संसारी होऊन उभा होता.

त्याने काय केले? त्याने सातवीच्या परीक्षेचा अभ्यास केला. आज सातवी म्हटले की आपणांस हसू येईल. त्या काळी मराठी सातवी, जिला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत, ती उत्तीर्ण झालेल्या मनुष्यास प्राथमिक शाळेत शिकविता येत असे. दिवसभराची चाकरी, घरी बायकोमुले, डोक्यावर धड छप्पर नाही, अशा स्थितीत त्यांनी ती परीक्षा दिली, ते उत्तीर्ण झाले, आणि शिपायाचे मास्तर झाले. हातातली घंटा खाली ठेवून त्यांनी खडू उचलला.

१९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला काव्यसंग्रह निघाला. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ निघाला. ज्याने कोणतेही विद्यापीठ पाहिले नाही त्याने हे नाव आपल्या पुस्तकास द्यावे, ह्यातच सर्व आले. पुढे १९७५ साली ‘जाहीरनामा’ प्रसिद्ध झाला. १९९५ साली परभणीच्या संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९९८ साली पद्मश्री हे सन्मान त्यांस मिळाले. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते निवर्तले. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई ह्यांनी आपल्या संसाराची हकीकत ‘मास्तरांची सावली’ ह्या नावाने लिहिली आहे. साऱ्या मोठेपणातून त्यांनी निवडलेला शब्द ‘मास्तर’ हाच आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता ह्या चरित्रापासून बोध कोणता घ्यावयाचा? सामान्यतः असा बोध घेण्यात येतो, की ज्याच्या अंगी जिद्द असते तो कशाही स्थितीतून वर येतो. हे वाक्य व्यासपीठावर शोभते, टाळ्याही मिळवते. परंतु आम्हांस ते अर्धेच खरे वाटते, आणि अर्धे खरे वाक्य कधीकधी खोट्याहून अधिक घातक असते. कारण त्याचा उलटा अर्थ असा निघतो, की जे वर आले नाहीत त्यांच्या अंगी जिद्द नव्हती. मुंबईच्या रस्त्यांवर त्या काळी एकटा नारायणच टाकलेला होता काय? त्याच्याबरोबर कपबश्या विसळणारी इतर पोरे कोठे गेली? त्यांच्या अंगी धीर नव्हता, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

नीट पाहिले असता ह्या चरित्रात धीराबरोबर आणखी तीन गोष्टी दिसतात. पहिली, एका गरीब जोडप्याने मूल उचलले. दुसरी, एका सरकारी शाळेने त्याचे नाव पटावर घेतले. तिसरी, शाळा सुटून कित्येक वर्षे लोटल्यावरही परीक्षेचे दार त्याच्यासाठी उघडे होते. धीर त्याचा स्वतःचा होता, ह्यात शंका नाही. परंतु ज्या पायरीवर धीराने पाय ठेवावयाचा ती पायरी दुसऱ्या कोणीतरी आधी बांधून ठेवावी लागते. पायरीच नसेल तर धीट मनुष्यही दरीतच पडतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. ह्या बाबतीत आमच्या स्वतःच्या माथी एक दोष आहे, आणि आज महोत्सवाचा हिशेब चालला असताना तो लपविणे बरे नव्हे. आम्ही नवे मास्तर झालो तेव्हा रोज सकाळी एका मोठ्या स्थानकावर गाडी बदलून शाळेच्या गावी जात असू. स्थानकाबाहेर चहाचे एक दुकान होते. तेथे नऊदहा वर्षांचा एक मुलगा चहा आणून देई. सारे त्यास बारक्या म्हणत, म्हणून आम्हीही म्हणत असू. सुमारे वर्षभर आम्ही त्याच्या हातचा चहा प्यालो. एके दिवशी त्याने पेला ठेवता ठेवता समोरच्या पाटीकडे बोट दाखविले आणि विचारले, “मास्तर, तिथं काय लिवलंय?” गाडीची वेळ झाली होती. आम्ही म्हणालो, “उद्या सांगतो रे.” उद्या काही दुसरेच निघाले, परवा सुटी होती. मग उन्हाळ्याची रजा लागली. रजेनंतर आम्ही परत आलो तो दुकानात दुसराच मुलगा होता. मालकास विचारले तर तो म्हणाला, “गेला कुठंतरी.”

त्याच दिवशी शाळेत जाऊन आम्ही हजेरी घेतली. चाळीस मुलांची नावे आम्ही एका दमात वाचून दाखविली. आणि ज्याच्या हातचा चहा वर्षभर प्यालो त्याचे खरे नाव काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते कधी विचारलेच नव्हते. तो मुलगा पुढे काय झाला, हे आम्हांस कळले नाही. त्याच्या अंगी जिद्द नव्हती असे मात्र कोणी आमच्यापुढे म्हणू नये. पाटीवर काय लिहिले आहे, हे त्याने विचारले होते. सांगणारा चुकला.

आपल्या ह्याच जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा असे सांगते, की लहानपणीच त्यांस पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ठेवण्यात आले, आणि नामदेवांच्या त्या घरात त्या दासी म्हणून वाढल्या. दळण, कांडण, झाडलोट हे त्यांचे आयुष्य. तरीही त्यांचे अभंग आज सातशे वर्षांनी आपल्या आयाबहिणींच्या तोंडी आहेत. ह्याचे कारण त्यांची प्रतिभा, हे तर खरेच. परंतु ज्या घरात त्या राबल्या त्या घरात जे गायिले जाई ते दासीच्या कानावर पडण्यास कोणी मज्जाव केला नाही, हेही तितकेच खरे. जात्यापाशी बसलेल्या मुलीसही तेथे शब्दांत वाटा मिळाला.

आता आजची स्थिती पाहू. आपल्या मराठवाड्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. त्या मोजणीत मुलाचे नाव कोठेच नसते. ते फडावर गेले तर धाकट्या भावंडांस सांभाळते, वाढे गोळा करते. गावी राहिले तर म्हाताऱ्या आजीच्या आधाराने राहते, आणि कधी आजीच त्याच्या आधाराने राहते. उन्हाळ्याच्या तोंडी आईबाप परत येतात तोवर शाळेचे अर्धे वर्ष उलटलेले असते. ही मुले कोणी रस्त्यावर टाकलेली नाहीत. त्यांच्या आईबापांचे त्यांच्यावर प्रेम आहे. परंतु पोटाच्या पाठीमागे धावताना मूल हातातून निसटते, आणि हेळसांड हेळसांडीसारखी न दिसताही घडते.

ह्यांच्यासाठी आज काही पायऱ्या बांधलेल्या आहेत. त्या कोणत्या, हे आपणां सर्वांस ठाऊक असावे म्हणून सांगतो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, एवढ्या कारणाने मुलास दाराबाहेर ठेवता येत नाही. शाळा सुटलेले मूल परत आले तर त्यास त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावयाचे आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढावयाचा, असेही तो कायदा सांगतो. सुर्वे मास्तरांच्या एका गाजलेल्या कवितेत एक आई मुलाचे नाव घालावयास शाळेत येते, आणि बापाचे नाव कोणते सांगावे हाच तिच्यापुढे प्रश्न असतो. ज्याने स्वतः निनावी जन्म घेतला त्यासच तो प्रश्न इतका खोल दिसला. आज त्या आईस रित्या हाती परत पाठविणे कायद्यास धरून होणार नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीने व पालकांनी वेळीच मागणी केली पाहिजे, आईबाप निघून गेल्यावर करून उपयोग नाही. ज्या मुलांस आईबाप सांभाळू शकत नाहीत त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा साहाय्य मिळते. त्याची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी. १४ वर्षांखालील मुलास दुकानात वा हॉटेलात कामास ठेवणे हा गुन्हा आहे. संकटातील मुलासाठी १०९८ ह्या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करता येतो. आणि ज्याची शाळा फार पूर्वी सुटली त्याने ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावीस बसावे. सुर्वे मास्तरांच्या सातवीसारखेच हे उशिराचे दार होय, आणि उशिराचे दार हेही दारच असते.

परंतु कायदा दार उघडतो, मुलाचा हात धरून त्यास आत नेत नाही. ते काम शेजाऱ्यांचे, म्हणजे आपले. ह्या धर्मग्रामाने महोत्सवाचे स्मारक म्हणून एखादी वस्तू उभारावी, असा विचार चालला आहे असे ऐकतो. ती अवश्य उभारावी. त्याबरोबर आमची एक नम्र सूचना आहे, आणि तीस पैसाही लागत नाही. प्रत्येक वस्तीतील दोन जाणत्या माणसांनी, विशेषतः भगिनींनी, दसऱ्यापूर्वी घरोघर जाऊन एक यादी करावी: कोणते मूल शाळेत जात नाही, कोणाचे आईबाप तोडीस जाणार, कोण आजीजवळ राहणार. यादीत फक्त तीन गोष्टी असाव्यात: मुलाचे खरे नाव, त्याची इयत्ता, आणि त्याची विचारपूस करणाऱ्या एका प्रौढ माणसाचे नाव. दर महिन्यास ती यादी पुन्हा वाचावी. मूल ख्रिस्ती आहे की नाही, हा रकाना तीत नसावा. गंगाराम सुर्व्यांनी रस्त्यावरचे मूल उचलले तेव्हा त्यांनीही असे काही विचारले नव्हते.

शेवटी, ह्या मंडपात मागे बसलेल्या मुलामुलींशी दोन शब्द. तुमच्यांपैकी कोणाच्या घरी मार असेल, कोणाच्या घरी उपास असेल, कोणाच्या घरी कोणीच नसेल. ते तुमच्या चुकीने झालेले नाही. त्याची लाज तुम्ही वाहू नका. शिकलात म्हणजे सारे दुःख पुसले जाईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. सुर्वे मास्तरांसही आपले आईबाप कोण, हे अखेरपर्यंत कळले नाही. पण शिकल्यामुळे त्या दुःखास नाव देता येते, आणि ज्यास नाव देता येते त्याचे भय थोडे कमी होते. शाळा सुटली असेल तर लाजू नका, परत या. काही कळले नाही तर विचारा. आणि ज्यास विचारले तो “उद्या सांगतो” म्हणाला, तर त्याचा सदरा धरून म्हणा, “आजच सांगा.” आमचा सदरा त्या बारक्याने धरला असता, तर फार बरे झाले असते.

 येत्या दसऱ्यापूर्वी ती यादी तयार होवो, आणि पुढील महोत्सवाच्या हिशेबात इमारतींबरोबर ह्या नावांचाही हिशेब वाचला जावो, एवढीच परमेश्वरापाशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.